फुली, खाली टिंब

आमच्या घराण्यात कुणी घर घ्यायला निघालं की आधी काकांना नेतात. काकांना नेलं की घर घ्यायचं राहून जातं, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. कळल्यावरही आम्ही त्यांना नेत राहिलो. त्यांना न विचारता घर घेतलं असं कानावर गेलं तर ते जे तोंड करतात, ते बघण्यापेक्षा भाड्याच्या घरात राहिलेलं परवडतं.

काका तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. शिवून आलेला सदरा टेबलावर पसरायचा, काजं बघायची, बटणं ओढून बघायची, कॉलरची टोकं जुळवायची, आणि खोट दिसली की खडूने खूण करून सदरा बाजूला टाकायचा. प्रत्येक तपासनिसाची खूण वेगळी असे, म्हणजे कुणी नापास केला ते नंतर कळावं. काकांची खूण फुली आणि तिच्याखाली एक टिंब. "फुली कोणीही मारतं, टिंब माझं," असं ते अजून सांगतात. आता या नोकरीत एक मेख आहे. खराब सदरा पास केला तर तपासनिसाला वरून बोलणी बसतात. चांगला सदरा नापास केला तर कुणी हूं की चूं करत नाही, उलट माणूस काटेकोर आहे असा बोलबाला होतो. जन्मभर हे काम केलेल्या माणसाला आम्ही घरं दाखवत होतो, यात चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.

काकांची पद्धत ठरलेली. घरात शिरल्यावर ते कुणाशी बोलत नाहीत. आधी नाक. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून डोकं आत घालतात आणि वास घेतात, कारण रंगाने डोळे फसतात, ओलीचा वास लपत नाही. मग बोटाच्या पेराने भिंती ठोकत जातात, आणि कुठे आवाज पोकळ आला की थांबून आमच्याकडे बघतात. मग सगळे नळ एकदम सोडायचे आणि त्याच वेळी फ्लश ओढायचा. मग खिशातून काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवायची. गोटी घरंगळली तर फरशी उताराला आहे. नाही घरंगळली तर फरशी नुकतीच मुद्दाम बसवून घेतली आहे, म्हणजे खाली काहीतरी झाकलं आहे. शेवटी दाराच्या चौकटी. उकिडवं बसून, जमिनीपासून वीतभर उंचीवर किल्लीच्या टोकाने लाकूड कोरून बघायचं, कारण वाळवी खालून चढते. लाकूड मनासारखं नसलं आणि मालकाचं लक्ष नसलं, की तिथेच सवयीने किल्लीच्या टोकाने एक फुली आणि टिंब.

हे सगळे सल्ले चांगले आहेत आणि मी ते इथे फुकट देते आहे. कपाटात डोकं घाला, नळ एकदम सोडा, चौकटी खालून बघा. फक्त हे सगळं झाल्यावर शेवटी घर घ्यायचं असतं, तेवढं ध्यानात ठेवा. काकांच्या पद्धतीत ती पायरी नाही.

आमचंच सांगते. मला आणि माझ्या नवऱ्याला एक फ्लॅट आवडला होता. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, खाली वाचनालय, खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान. मी मनातल्या मनात पलंग कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं होतं. काकांनी गोटी ठेवली, ती सावकाश जाऊन न्हाणीघराच्या कोपऱ्यात थांबली. काका गोटीकडे बघत राहिले आणि माझा नवरा काकांकडे. हा माणूस ऑफिसात सगळ्यांना धारेवर धरतो. पण काकांच्या मागे तो हात बांधून, मान डोलावत फिरत होता. "घ्यायचं तर घ्या," काका म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. फक्त उद्या माझ्याकडे येऊ नका." असं कुणी म्हटल्यावर कोण घेईल? पुढच्याच आठवड्यात तो फ्लॅट एका जोडप्याने घेतला. मी रोज बसमधून जाताना त्यांचे पिवळे पडदे बघते आणि माझा जीव जळतो. त्यांच्या न्हाणीघरात पाणी कुठल्या कोपऱ्यात जातं याची त्यांना काही काळजी असेल असं त्या पडद्यांवरून वाटत नाही.

पण माझं एक घर गेलं. काकूचं आयुष्य गेलं.

काकू दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. जबडा धरून आलेल्या माणसाला "बसा, जरा वेळ लागेल" असं म्हणायचं, आणि ते अशा सुरात की त्याने खरंच बसावं, हे तिचं काम. लग्न झाल्यापासून ती भाड्याच्या घरात राहिली. अशी किती घरं झाली ते तिला विचारू नये. ती बोटांवर मोजायला लागते आणि मध्येच उठून चहा ठेवायला जाते. घरमालक बदलले, भिंतींचे रंग बदलले, पण एक अट सगळीकडे तीच: भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे काकूच्या घरात काहीच टांगलेलं नसे. आरसा मोरीच्या कठड्यावर टेकवलेला, फोटो कपाटाच्या डोक्यावर आडवे. लग्नात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ फ्रिजवर, मागे भिंतीला टेकून. फ्रिजचं दार जरा जोरात लावलं की घड्याळ तोंडावर पडे. मग काकू ते उचलून कानाशी नेई, चालू आहे का बघे आणि परत उभं करे. लहानपणी मला वाटायचं, घड्याळं अशीच ठेवतात.

"मला फार काही नको गं," ती एकदा मला म्हणाली होती. "एकदा स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायचाय. कुणाला न विचारता."

तिचं घर का झालं नाही, याची एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. काकाच सांगतात, आणि जेवणाची पंगत असो की कुणाचं आजारपण, ती सांगितल्याशिवाय उठत नाहीत. ती टेकाडावरच्या घराची गोष्ट. लग्नानंतर थोड्याच दिवसांत दोघांनी एक घर बघितलं होतं. काय घर होतं. बाहेरची खोली अशी की सायकल फिरवावी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार पाण्याच्या टाकीपर्यंत दिसे. दारात झाड, कोठीच्या खोलीला जाडजूड लाकडी चौकट. दर वर्षी त्या घराला एखादी नवी खिडकी फुटत असे. मी शाळेत असताना त्याला गच्ची आली. मी कॉलेजात गेले तोवर मागच्या बाजूला विहीर खणून झाली होती. आणि गोष्टीचा शेवट ठरलेला: "मी तयार होतो. पण हिचं आपलं उद्या बघू, परवा बघू. हिच्या चालढकलीत गेलं ते घर." मग काका सुस्कारा सोडत, आम्ही सगळे काकूकडे बघत असू, आणि काकू मुकाट्याने ताटं उचलत असे.

त्यानंतर बघितलेलं प्रत्येक घर काकांनी टेकाडावरच्या घराशी ताडून बघितलं. आता जे घर दर वर्षी वाढतं आहे त्याच्यापुढे चार भिंतींच्या साध्या घराचा काय पाड लागणार.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. काकू निवृत्त झाली, आणि घरमालकाने सांगितलं की त्याच्या मुलाला जागा हवी आहे, दुसरीकडे बघा. काका म्हणाले, "बघू की भाड्याने, घाई काय आहे?" काकू उठून चहा ठेवायला गेली. आठवड्याभराने तिचा मला फोन आला.

"तुझी गाडी घेऊन ये. एक घर बघायचंय. यांनाही घेऊन जायचंय."

"काकांना कशाला नेतेस?" मी म्हटलं. "तुला घर घ्यायचंय की नाही?"

"म्हणूनच नेतेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काका गाडीत पुढे बसले. घर बघायला निघाले की त्यांची कळी खुलते, दहा वर्षांनी लहान दिसतात. गोटी आहे ना याची खात्री त्यांनी खिशावर हात मारून करून घेतली. घर कुणासाठी, हे त्यांनी विचारलंही नाही. स्वतःसाठी असेल अशी शंका त्यांना कशी येणार? काकूने मागून रस्ता सांगितला. मोठ्या रस्त्यावर उंच उंच इमारती झाल्या आहेत, तिथून आत जाता येत नाही. आम्ही वळसा घालून मागच्या अरुंद गल्लीत शिरलो, गाडी एका गॅरेजपाशी लावली आणि चढावर चालत गेलो. दोन इमारतींच्या मधे एक जुनं बैठं घर अंग चोरून उभं होतं. पुढची बाजू कुणाच्या तरी पार्किंगच्या भिंतीने बंद केलेली. आत जायचं ते मागच्या, स्वयंपाकघराच्या दारातून.

"झालं," काका दारातच म्हणाले. "ज्या घरात स्वयंपाकघरातून शिरावं लागतं..." आणि पुढचं त्यांनी हवेत सोडून दिलं.

दार मालकीणबाईंनी उघडलं. त्यांची अक्कलदाढ नुकतीच काढलेली होती, एक गाल टम्म सुजलेला. दवाखान्यात काकूच्या शेवटच्या आठवड्यात त्या आल्या होत्या आणि थांबायला लागलं तेव्हा बोलता बोलता घर विकायचं आहे म्हणाल्या होत्या, मुलीकडे राहायला जायचं म्हणून. त्यांना तोंड उघडता येत नव्हतं, त्यामुळे काकांना इतका सुखाचा घरमालक आजवर भेटला नसेल. काका बोलत आणि बाई गालाला रुमाल लावून नुसत्या बघत.

काकांनी कपाटात डोकं घातलं. "ओल," आतून आवाज आला. स्वयंपाकघराची भिंत ठोकली. "पोकळ." खिडकी उघडली, बाहेर समोरच्या इमारतीचे पाइप आणि कुणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल. "उजेडाच्या नावाने शंख." बाहेरच्या खोलीत गोटी ठेवली, ती घरंगळत जाऊन मालकीणबाईंच्या पायाशी थांबली. त्यांनी वाकून ती उचलली आणि कपाळाला आठ्या घालून काकांच्या हातात दिली. काका "आभारी आहे" म्हणाले आणि खोलीकडे हात करून मला म्हणाले, "याला बाहेरची खोली म्हणतात? आमच्या टेकाडावरच्या घराची बाहेरची खोली बघितली असतीस म्हणजे कळलं असतं. सायकल फिरवावी."

मी काकूकडे बघितलं. ती आमच्याबरोबर फिरत नव्हती. ती आपली आपण पुढे गेली होती, बोळातल्या अंधारात न चाचपडता दिव्याचं बटण दाबून कोठीच्या खोलीपाशी जाऊन थांबली होती. नव्या घरात कुणी असं चालत नाही. माझ्या मनात काहीतरी हललं, पण काय ते कळेना.

"अहो," तिने हाक मारली. "चौकट बघायची राहिली."

"बघतो की," काका म्हणाले. "पण आता बघून करायचंय काय?" तरी ते आले. चौकट न बघता जाणं म्हणजे त्यांना जेवून हात न धुतल्यासारखं वाटलं असतं. गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले, किल्ली काढली आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर लाकडाला लावली. रंगाचे थरावर थर होते, निळा, पिवळा, मग हा मातकट. किल्ली अडकली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने चाचपलं. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ये इकडे, बस इथे, बोट लाव," ते मला म्हणाले. "खाच लागतेय? कोरलंय कुणीतरी. फुली आहे. म्हणजे यापूर्वी कोणी जाणकार माणूस इथे येऊन गेलाय. त्याने लाकूड बघितलं आणि नापास करून चालता झाला. बघ, याला म्हणतात नजर. आणि हे घर आपण बघत बसलोय."

"खाली टिंब आहे का बघा," काकू म्हणाली.

काकांचं बोट खाली सरकलं. थांबलं. परत वर गेलं, फुलीवरून फिरलं, परत खाली आलं. मी शेजारीच बसले होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मालकीणबाई गालाला रुमाल लावून दारात उभ्या होत्या, त्यांना यातलं काही कळत नव्हतं. फुलीखाली एक बारीक खोल भोक होतं, किल्लीचं टोक गोल फिरवून पाडलेलं.

काका उठले नाहीत. "हे ते घर नव्हे," ते खाली बसल्या बसल्याच म्हणाले. "ते मोठं होतं."

"ते एवढंच होतं," काकू म्हणाली. "तुम्ही वाढवलंत."

"आणि ते टेकाडावर होतं."

"चढून आलात ना आत्ता? धाप कशाने लागली तुम्हाला?"

"खिडकीतून टाकी दिसायची."

"टाकी अजून आहे. मधे इमारत झालीय."

"अगं, पण टिंब काय कोणीही..."

"टिंब तुमचं, काका," मी म्हटलं. मला राहवलं नाही. पिवळे पडदे डोळ्यासमोर आले.

काकूचा आवाज चढला नाही. दवाखान्यातला तोच सूर होता. "मी इथेच उभी होते," ती म्हणाली. "या दारात. मी म्हटलं, मला आवडलंय, घेऊ या. तुम्ही म्हणालात, चौकट आतून खलास आहे, पाच वर्षांत दार हातात येईल. आणि ही फुली मारलीत. टेकाड उतरताना मला रडू आलं म्हणून तुम्ही मला उसाचा रस पाजलात. ते आठवतंय?"

काकांना उसाचा रस आठवला असावा. त्यांनी मान खाली घातली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ते म्हणाले. "मी चारचौघांत सांगायचो तेव्हा?"

"बोलून काय घर मिळालं असतं? तुमची गोष्ट तेवढी गेली असती." काकू म्हणाली. "आणि म्हटलं, निदान एक तरी घर यांना आवडतंय. आवडू दे."

मला तेव्हा इतका राग आला की काय सांगू. काकांचा आलाच, पण आमचा सगळ्यांचा आला. त्या पंगतीत बसून काकूकडे बघणाऱ्यांत मीही होते. एकानेही कधी विचारलं नाही की काकू, तू काय म्हणाली होतीस. ताटं उचलणाऱ्या बाईला कोण विचारतं?

काकू मालकीणबाईंकडे वळली. "आम्ही घेतोय," ती म्हणाली. "माझ्या नावावर. मागे मी एकटी येऊन बघून गेले तेव्हा ठरलं त्याच किमतीला. कागद करायला कधी येऊ ते मुलीला फोन करायला सांगा, तुम्ही बोलू नका, टाका दुखेल."

मालकीणबाईंनी सुजलेल्या गालाने मान हलवली.

"अगं, पण ओल," काका म्हणाले. "भिंत पोकळ आहे. फरशी उताराला आहे. मी माळा तर बघितलाच नाही अजून."

"सगळं ऐकलंय मी. ओल आहे, उतार आहे, उजेड नाही. मान्य आहे." तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं. "तुम्ही बसा. जरा वेळ लागेल."

आणि ते बसले.

आता ती दोघं तिथे राहतात. काकांचा एकही दोष खोटा निघाला नाही, हे सांगायला हवं. पाऊस लागला तशी स्वयंपाकघराची भिंत पाझरली. न्हाणीघरातलं पाणी बोळात येतं. दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. काकांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी आलं की ते त्याला घरभर फिरवतात, ओल कुठून कुठे सरकली ते बोटाने दाखवतात, "मी म्हटलंच होतं" म्हणतात आणि चहा मागवतात. काकू भिंतीखाली बादली ठेवते, चहा देते, आणि खरं सांगायचं तर तिचाही चेहरा बदलला आहे. टेकाडावरच्या घराची गोष्ट मात्र आता कुणी सांगत नाही. मी एकदा मुद्दाम विषय काढला तर काका माळ्यावरचं काहीतरी शोधायला गेले.

रंग काढणाऱ्या माणसाने चौकट घासताना विचारलं, ही खाच बुजवू का? काकू म्हणाली, ती राहू दे, बाकीचं सगळं कर. रंग निघाल्यावर खाली गडद तांबूस लाकूड लागलं आणि त्यावर फुली आणि टिंब काल कोरल्यासारखी.

परवा मी गेले तर काकू स्टुलावर चढली होती. एका हातात हातोडी, ओठांत खिळे, आणि काखेत ते घड्याळ. कोठीच्या दारावर, चौकटीच्या वरच्या पट्टीवर तिला घड्याळ लावायचं होतं. एवढे दिवस तिने एकही खिळा मारला नव्हता. कशाची वाट बघत होती कोण जाणे. मी घड्याळ हातात घेतलं.

"त्यात खिळा राहणार नाही," काका खुर्चीतून म्हणाले. "आतून भुसा आहे. मारशील आणि घड्याळ डोक्यात पडेल. भिंतीत मार."

"भिंत पोकळ आहे ना?" काकू म्हणाली. ओठांत खिळे असल्याने ते जरा बोबडंच आलं. तिने खिळा लावला आणि हातोडी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खिळा मधेच वाकला आणि टणकन उडून फरशीवर पडला. लाकडावर नुसता एक ठिपका उठला होता.

फरशी उताराला आहेच. खिळा घरंगळत काकांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरून नीट बघितला, बोटाने वाक चाचपला.

"खिळा हलका आहे," ते म्हणाले.

काकूने दुसरा लावला, जाड बघून. तोही वाकला. या खेपेला तो कुणी उचलला नाही. काका चौकटीकडे बघत होते, वरच्या पट्टीकडे नाही, खाली, वीतभर उंचीवर. ज्या लाकडाला त्यांनी पाच वर्षं दिली होती त्यात आज पोलादी खिळा शिरत नव्हता. आता ते काय बोलतात म्हणून मी कान टवकारले. त्यांनी हातातला वाकलेला खिळा गोटीच्या खिशात टाकला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"हे असं नाही जायचं," काकू म्हणाली. "शेजाऱ्यांकडे ड्रिल आहे. आणता का?"

काका पायांत चपला सरकवून निघाले. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती आणि समोरच्या इमारतीचं दार खिडकीपासून हाकेवर, त्यामुळे घंटा वाजलेली, दार उघडलेलं, सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"जरा ड्रिल हवं होतं," काका सांगत होते. "आमच्या चौकटीत खिळा जात नाहीये. दोन वाकले. अहो, लाकूडच तसं आहे, दगड म्हणा दगड. असं लाकूड आता बघायला मिळणार नाही." मग आवाज जरा खाली आला, पण आमच्यापर्यंत पोचायचा थांबला नाही. "आमच्या हिला काही तेव्हा पटत नव्हतं. पण मी लग्नानंतर लगेच येऊन तपासलं होतं हे घर. खूणसुद्धा करून ठेवली होती. या एकदा, दाखवतो."

मी काकूकडे बघितलं. वाटलं, आता ही हातोडी खिडकीतून फेकणार. तिने ओठांतला उरलेला खिळा काढून माझ्या हातात दिला.

"दाखवू दे," ती म्हणाली. "पण ड्रिल आलं की भोक मी पाडणार. ते कुठे पाडायचं ते त्यांना विचारायचं नाही." आणि ती स्टुलावर तशीच उभी राहिली, एक हात चौकटीवर टेकून, ड्रिलची वाट बघत.